शेरेबुकातली वांगी

सन अडतीसच्या सुमारास वरून हुकूम आला: प्रत्येक शाळेला बाग पाहिजे, आणि ती पोरांनी केलेली पाहिजे. नसेल तर शाळा बंद. शाळेला छप्पर पाहिजे, असे हुकुमात कुठेच नव्हते. तेवढ्यापुरती आमच्या गावची शाळा नियमात बसत होती.

रंगराव मास्तरांना झाडांपैकी तुळस ओळखता येई. ते जिजाबाई माळणीकडे गेले. तिची अंजना चौथीत होती. शाळा बंद झाली तर पुढची शाळा आसेगावला, मध्ये नाला. म्हणजे अंजनाच्या डोक्यावर भाजीची पाटी येणार, हे ठरलेले.

"माह्या पोरीनं चौथी पास व्हाच लागते," जिजाबाई म्हणाली. "मास्तर, तुमी फक्त वाफ्यात पाय देऊ नका."

तिने पोरांना आळी करायला शिकवले, शेणखत वाहायला लावले. तीन महिन्यांत झाडे अशी लगडली, की मास्तर पोरांआधी वांग्यांची हजेरी घेऊ लागले.

शाळा तपासणारे दिपोटी साहेब आसेगावला मुक्कामाला आले. आमची तपासणी दुपारी होती. कोट धुण्याच्या नादात सकाळची वांग्यांची हजेरी राहिली. मास्तर धुतलेला कोट घालून बागेत गेले, तर झाडांवर एक वांगे नाही! मागोमाग साहेब आले.

"ही बाग? नुसता पाला आहे." त्यांनी शेरेबुक उघडले, टाक दौतीत बुडवला.

तेवढ्यात जिजाबाई रिकामी पाटी घेऊन आली.

"जिजाबाई, वांगी?" मास्तरांचा आवाज कोटातच राहिला.

"तोडली. आसेगावचा बाजार होता न आज."

"अवो, आजच?"

"बाजाराच्या दिवशी तयार वांगं झाडावर ठेवणारी मालीण नोहे मी! उद्या निबर झालं असतं. निबर वांगं सायबाले दाखवता?"

"फळ धरलं होतं, याला पुरावा काय?" साहेबांनी विचारले.

जिजाबाईने साहेबांमागे उभ्या असलेल्या शिपायाकडे पाहिले. "मदनसिंगभाऊ, सकाळी माह्या पाटीतली वांगी पयले कोनं घेतली? गप काहून?"

मदनसिंग खाकरला. "हुजूर, आज का भरता..."

टाक हवेतच थांबला. आसेगावहून निघण्याआधी जेवताना साहेबांनी भरीत दोनदा मागून घेतले होते.

"तिसऱ्या वाफ्यातली होती ती," पोरांतून पुढे येत अंजना म्हणाली. "आत बी नव्हतं न, साहेब?"

"नव्हतं," साहेब म्हणाले. सरकारी नोकरीत इतके खरे उत्तर त्यांनी प्रथमच दिले असावे.

जिजाबाईने ओच्यातून पुडी काढली. "वांग्याच्या बदल्यात निजामुद्दीनभाईच्या दुकानातून पाटीवरच्या लेखण्या आणल्या. सरकारच्या दोन वर्सांपासून येऊनच राह्यल्या."

साहेबांनी लिहिले: 'बाग समाधानकारक. उत्पन्नाची प्रत प्रत्यक्ष तपासली. लेखण्या पुरेशा.'

शाळा टिकली. अंजना चौथी पास झाली. पुढच्या वर्षी साहेब तपासणीला बाजाराच्या आदल्या दिवशी आले, तेही जेवणाच्या वेळेला.