काश्यप गोत्राचे अकरा जण

त्या दोन देशांची नावं इथे लिहीत नाही. लिहिली की वाचणारा आधी आपली बाजू धरून बसणार, आणि मग गणपत शिंप्याचं ऐकून घ्यायला कोणी उरणार नाही. देवासात नेमकं तेच झालं होतं. लढाई हजारो कोस दूर, पण इथे पोह्याच्या गाडीवर माणसं एकमेकांची कॉलर धरायला लागली होती. ज्यांना आपल्याच प्रांतातल्या डही गावाला जायचं तर चार ठिकाणी रस्ता विचारावा लागतो, ते त्या देशातल्या गल्ल्यांची नावं धडाधड सांगत होते.

गणपत नेवासकरचं दुकान बाजारातल्या बोळात होतं. त्याचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर तंबू शिवत माळव्यात आले, आणि तंबू गेल्यावर सदरे शिवत राहिले. गणपत बोलायला भोळा, रागाला तापट. त्याचा एकुलता एक मुलगा प्रणव वेल्डर होता. इथला कारखाना बंद पडल्यावर वर्षभर घरी बसला. मग जाहिरात आली की त्या दोहोंपैकी एका देशाला कामगार हवेत. हवेत म्हणजे काय, तिथले कामकरी हात बंदुका धरायला गेले होते, म्हणून इथले हात मागवले. प्रणव चैत्रात गेला. त्या दिवसापासून तो देश गणपतचा झाला. बापाचं मन ते, त्याला दुसरं काय कळणार? मुलगा जिथे भाकरी खातो तिथले लोक चांगले, आणि त्यांच्यावर बॉम्ब टाकणारे राक्षस. गणपतने याच्या पलीकडे कधी विचार केला नाही. समाजातल्या पोरांनी सांगितलं तेव्हा त्याने त्या देशाचा भला मोठा झेंडा शिवून दिला, काठाला दुहेरी टीप मारून. शिलाई घेतली नाही.

समाज म्हणजे देवासचा महाराष्ट्र समाज. दर सर्वपित्रीला समाजाच्या सभागृहात सामुदायिक तर्पण असतं. हल्लीच्या पोरांना घरी श्राद्ध जमत नाही. हिंदी शाळेत शिकलेली पोरं, पोथी उघडली की अक्षरं लागतात पण शब्द लागत नाहीत. म्हणून प्रत्येक घराने आपल्या गेलेल्यांची नावं चिठ्ठीवर लिहून आणायची, दत्तोपंतांनी ती मोठ्याने वाचायची, आणि घरच्याने मधल्या मोठ्या पितळी परातीत तीळ घालून पाणी सोडायचं. शेवटी ते सगळं पाणी अंगणातल्या पिंपळाला जायचं.

दत्तोपंत पोतनीस निवृत्त संस्कृत शिक्षक. बावीस वर्षं हे काम तेच करत होते. घर गणपतच्या दुकानासमोर. प्रणवला मराठी वाचायला त्यांनीच शिकवलं होतं, दुकानाच्या पायरीवर बसवून, चुकला की कान पिरगाळून. तरी प्रणवचं मराठी शेवटपर्यंत हिंदीमिश्रितच राहिलं. चतुर्दशीला त्याचा निरोप आला होता: 'बाबा, टेन्शन मत लो, दोन दिवस नेटवर्क नाही राहणार, आईला सांगून द्या.' गणपतने तो पंतांना दाखवला होता आणि दोघं त्या भाषेवर पोट धरून हसले होते.

दुसऱ्या दिवशी, सर्वपित्रीला, सकाळी दहाला सभागृह भरलं. चिठ्ठ्या संपल्या. शेवटी धर्मपिंडाची वेळ आली. ज्यांचं मागे कोणी उरलं नाही, ज्यांना पाणी द्यायला कोणी नाही, त्यांच्यासाठीही काही द्यायचं, असा रिवाज आहे. पंत दरवर्षी त्या वेळी कोणाची ना कोणाची आठवण काढत. कधी पुरात गेलेल्यांची, कधी साथीत गेलेल्यांची. या वर्षी त्यांनी दर्भ हातात घेतला आणि म्हणाले, "ती जी लढाई चालली आहे, तिच्यात दोन्ही बाजूंना जे मेले त्यांच्यासाठी. आणि विशेषकरून लेकरांसाठी. लढाई कोणाचीही असो, ती थांबावी, एवढं मनात म्हणा आणि पाणी सोडा."

समाजाचा तरुण सचिव अंशुल बसल्या जागेवरूनच ओरडला, "दोन्ही बाजूंना? पंत, तिकडचे तर दुश्मन आहेत!"

"अरे, या पोथीत बाजू विचारायची सोयच नाही," पंत शांतपणे म्हणाले. "गोत्र विचारतात. तेही ठाऊक नसलं तर काश्यप म्हणून पाणी सोडतात. तिकडचे सगळे आपल्याला काश्यपच."

"आपला प्रणव तिथे त्यांच्या निशाण्यावर बसलाय, आणि तुम्ही त्यांना पाणी देताय?"

गणपतच्या कानात एवढंच शिरलं. प्रणव आणि तिळाचं पाणी, एका वाक्यात. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. मुलगा जिवंत, हसता-खेळता, आणि हा म्हातारा त्याच्या आजूबाजूच्या माणसांना तीळ सोडतो? अमावस्येच्या दिवशी? ते पाणी चुकून त्याच्याकडे गेलं म्हणजे? तो उठला, चिठ्ठ्या तुडवत पुढे गेला.

"पंत, माझं पोर तिथे आहे! तिथल्या कोणाला पाणी द्यायचं नाही, ना इकडच्यांना, ना तिकडच्यांना!"

"गणपत, मी मेलेल्यांना देतोय. जिवंत राहोत म्हणून तर..."

पंतांनी ओंजळ रिकामी केली, आणि गणपतने परात दोन्ही हातांनी उचलून उलटी केली. साऱ्या समाजाच्या पूर्वजांचं पाणी जाजमावर गेलं. एरवी कोणी असं केलं असतं तर लोकांनी त्याला उभा सोलला असता.  त्या दिवशी उलट मागून दोघांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या रांगेतून त्याची बायको दुर्गा तेवढी उठली, आणि पदराने जाजम टिपत बसली.

संध्याकाळी अंशुल ठराव घेऊन दुकानात आला. पोतनिसांनी समाजाच्या भावना दुखावल्या, लेखी माफी मागावी, यापुढे कोणत्याही कार्यात असलं काही बोलणार नाही असं लिहून द्यावं, आणि समाजाचं पौरोहित्य सोडावं. "पहिली सही तुमची, काका. मुलगा तिथे आहे, मान तुमचा."

गणपतने सही केली. समोर पंतांच्या दारात पंधरा-वीस पोरं घोषणा देत होती. पंतांची नात रुची खाजगी शाळेत शिकवते, तिचं नाव घेऊन काहीबाही ओरडत होती. तासाभरात पंतांनी माफीनामा लिहून दिला. गणपतने मशीनवर बसून हे सगळं पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं.

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला फोन आला. टेकडीवर देवीच्या दर्शनाला लोटलेली गर्दी, रस्त्यात भोंगे, काही ऐकू येईना, म्हणून गणपत दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात कपड्यांच्या गठ्ठ्यात तोंड घालून ऐकत होता. पलीकडून ठेकेदाराचा माणूस हिंदीत बोलत होता. कामगारांच्या वस्तीवर बॉम्ब पडला. प्रणव नहीं रहा. कब, गणपतने विचारलं. परसों तड़के, अपने यहाँ के साढ़े तीन बजे.

परवा पहाटे. परवा म्हणजे अमावस्या. साडेतीन.

गणपतने बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. काही केल्या मोजणी बदलेना. सभागृहात पंतांनी ओंजळ सोडली तेव्हा प्रणव जाऊन सहा तास उलटून गेले होते. तिथल्या मेलेल्यांमध्ये तोही होता. सगळ्या जगात त्या सकाळी त्याच्यासाठी एकाच माणसाने पाणी सोडलं, नाव न घेता, ठाऊक नसताना. आणि बापाने ते उलटं केलं.

दुर्गाला हा हिशेब सांगावा लागला नाही. तिने तारीख ऐकली, भिंतीला टेकून खाली बसली, आणि म्हणाली, "मी टिपलं ते पाणी माझ्या लेकाचं होतं." त्यानंतर ती कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

अष्टमीला इंदूरच्या विमानतळावरून पेटी आली. उघडायची नाही, असं वर लिहिलं होतं. पोरांनी पेटी फुलांनी सजवलेल्या ट्रकवर ठेवली आणि वर त्या देशाचा झेंडा घातला. गणपतने काठाकडे पाहिलं. दुहेरी टीप.  ट्रकच्या पुढे शंभर मोटरसायकली होत्या, आणि सगळे 'बदला, बदला' ओरडत होते. प्रणवचं नाव कोणी घेत होतं, कोणी विसरत होतं, पण 'बदला' कोणी विसरत नव्हतं. स्मशानात अंशुलने भाषण केलं की एकाच्या बदल्यात शंभर पाहिजेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलाच्या चितेसमोर टाळ्या कशा वाजतात हे त्या दिवशी गणपतने ऐकलं.

दोन दिवसांनी दुकानात कापड गुंडाळायच्या जुन्या हिंदी पेपरात त्याला आतल्या पानावर चार ओळी दिसल्या. त्याच पहाटे, त्याच तासाला, सीमेपलीकडे एका घरावर बॉम्ब पडून अकरा जण मेले. एकाच कुटुंबातले. नावं नव्हती. गणपतने तो तुकडा कात्रीने नीट कापला आणि टेपशेजारी खिशात ठेवला. त्यांच्या घरी मागे कोणी उरलं असेल का, हा विचार त्याच्या मनात आला. आला तो जाईना.

दहावा अग्नी दिल्यापासून धरला होता; त्याच्या आदल्या दिवशी तो बोळ ओलांडून पंतांकडे गेला. किती दिवसांनी! पंत ओसरीत बसले होते. एकदम म्हातारे दिसत होते.

"पंत, उद्या क्षिप्रेवर या. प्रणवचं तुम्हीच करा. आणि..." त्याने कागद पुढे केला. "यांचंही. हे त्याच्याबरोबर गेले."

पंतांनी चष्मा लावून वाचलं. कागद परत दिला.

"मला जमणार नाही रे."

"मी चुकलो, पंत. पायावर डोकं ठेवतो."

"चुकीचं नाही म्हणत मी. माझ्याकडून लिहून घेतलंय. असलं काही पुन्हा केलं तर रुचीला शाळेतून काढतील, तसं तिला तोंडावर सांगितलंय शाळेवाल्यांनी. त्या ठरावावर पहिली सही तुझी आहे, गणपत. मी ती पाहिली. पाहिल्यावर माझ्यातलं काहीतरी मोडलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर गणपतला सोसलं असतं. "माझं धैर्य एकदाचंच होतं. ते झालं."

क्षिप्रेच्या घाटावर दहाव्याला पन्नासेक माणसं आली. समाजाने इंदूरहून गुरुजी आणला होता. तरुण, घाईचा. अंशुल मोबाईलवर सगळं लाइव्ह दाखवत होता. प्रणवच्या नावाने तिलांजली झाली. गुरुजी पोथी बांधायला लागले. गणपत पाण्यातून बाहेर आला नाही.

"थांबा," तो म्हणाला. "अजून अकरा राहिले."

त्याने ओंजळ भरली. मंत्र त्याला येत नव्हता. "त्याच पहाटे पलीकडे मेलेला पहिला," तो मोठ्याने म्हणाला, "नाव माहीत नाही. काश्यप गोत्र." आणि अंगठ्याकडून पाणी सोडलं.

 मग अंशुल धावत खाली आला. "काका, ये क्या कर रहे हो? लाइव चालू आहे! प्रणवला मारलं त्यांनी!"

"प्रणवला लढाईने मारलं," गणपत म्हणाला. "यांनाही तिनेच मारलं. दुसरा. काश्यप गोत्र."

"बुढ़ा सटक गया है, भिया," कोणीतरी वरून ओरडलं. एकाने शिवी दिली. गुरुजींनी आपली पिशवी उचलली. अंशुलने पायरीवरची तिळाची वाटी पायाने पाण्यात लोटली. तीळ वाहून गेले. गणपत नुसत्या पाण्याची ओंजळ भरत राहिला. तिसरा. चौथा. मग दुर्गा पायऱ्या उतरून आली. बायकांनी तिथे उतरायचं नसतं. तिच्या मुठीत घरून आणलेले तीळ होते. ती नवऱ्याशेजारी पाण्यात उभी राहिली आणि त्याच्या ओंजळीत चिमूट चिमूट टाकू लागली. 

वरून एक चप्पल आली आणि गणपतच्या पाठीला लागून पाण्यात पडली. गलका एवढा वाढला की त्याला स्वतःचा आवाज ऐकू येईना. पाचवा, सहावा, सातवा. आणखी एक-दोन ओंजळी सोडल्यावर तो अडखळला. किती झाले? आठ की नऊ? ओंजळीतलं पाणी गळून गेलं. एक जरी कमी पडला तर? त्या घरातलं एक लेकरू तसंच राहिलं तर? तो दुर्गाकडे पाहायला लागला. तिलाही आठवत नव्हतं. ती रडत होती.

"नऊ झाले."

आवाज वरच्या पायरीवरून आला. पंत तिथे उभे होते. कधी आले कोणी पाहिलं नव्हतं. गर्दीच्या मागे, रुचीच्या खांद्यावर हात ठेवून. अंशुलचा मोबाईल वळला आणि त्यांच्या तोंडावर स्थिरावला. पंतांनी मोबाईलकडे पाहिलं. तोंड फिरवलं नाही.

"नऊ झाले, गणपत," ते पुन्हा म्हणाले, शाळेत म्हणायचे तसं, खणखणीत. "मी मोजतोय. दोन राहिले."

गणपतने ओंजळ भरली. दुर्गाने तीळ टाकले. त्याने उरलेले दोन दिले.