बाळासोंचा रिकामा रकाना

"बाळासोकाका, आपल्या गल्लीच्या नळाला गटाराचं पाणी येतंय, त्याचं तुम्ही काय करणार?"

विचारून दाखवलंस तर मिसळ, अशी मैत्रिणींची पैज होती. नववीतल्या संयोगितानं भर कोपरा सभेत विचारलं की! उमेदवार बाळासो हसले. "निवडून तर येऊ दे पोरी, मग बघू." सगळी हसली. तीही हसली. मिसळ जिंकली!

शहरातल्या काही प्राध्यापकांनी तेव्हा एक वेबसाईट काढली होती. महापालिकेच्या सगळ्या उमेदवारांना तेच पाच प्रश्न, आणि उत्तरं शेजारीशेजारी. संयोगितानं सायबर कॅफेत बसून आपल्या वॉर्डाचा तक्ता उतरवून घेतला. बाळासोंच्या रकान्यात पाण्यापुढं एवढंच होतं, 'उत्तर दिले नाही.' पण बाळासो म्हणजे पप्पांचे तालमीतले जिगरी! तालमीबाहेरच्या फळ्यासाठी तक्ता मोठ्या अक्षरात लिहिताना तिनं तिथं ठोकून दिलं, 'सहा महिन्यांत नवी पाईपलाईन.'

वाचकहो, आपल्या माणसासाठी एवढं आपणही करतोच की!

फळ्यापुढं गर्दी झाली. पोरगी हुशार हाय, म्हणाले सगळे.

मतदानाला दोन दिवस उरले. शेजारच्या चिमणाबाईनं तिला दारातूनच हाक मारली. मांडीवर काविळीनं पिवळा पडलेला नातू. "मला वाचाय येत न्हाय बाई. पर तू लिवलंयस म्हंजे खरंच आसणार. पाण्याचं करतोय न्हवं? मग बाळासोलाच मत!"

संयोगिताला त्या पोराकडं बघवेना. "आज्जी, ते त्यांनी न्हाय सांगितलं. मीच लिहिलंय."

चिमणाबाई ओरडली नाही. तेच जास्त लागलं.

"रिकामं ऱ्हाऊ द्यायचं हुतंस की गं," ती हळू म्हणाली. "गप बसणं हेबी उत्तरच हाय. तेवढं तरी आमाला कळलं आसतं."

घरी सांगितल्यावर पप्पा भडकले. "आता खोडणार? बाळासोला तोंड कसं दाखवू मी?"

"जाऊ दे की," आई म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"चिमणाआज्जीला कळलंय, आई. मला तिच्या दारावरनं जाताना मान वर करता येईना!" संयोगितानं मार्कर उचलला. "पप्पा, मी आत्ता तालमीवर जाऊन माझी ओळ खोडणार, आणि गल्लीत घरोघरी सांगणार की ते उत्तर माझं होतं, बाळासोकाकांचं नव्हे. उमेदवार ताडून बघायचे, तर आपल्या माणसाचा रिकामा रकाना आपण भरायचा न्हाय!"