वाकड्या खिंडीतली उसंत

व्हर्डी स्टिडमला फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू सावरला, जीभ तर गरजेपेक्षा जास्तच सावरली, पण डावा हात मांडीवर पडला तो पडलाच. मँडोलिनच्या मानेवर ज्या हाताची बोटं धावतात, नेमका तो हात.

आमच्या खोऱ्यात दर ऑगस्टमध्ये फार वर्षांपूर्वी खाणीतल्या स्फोटात गेलेल्यांचा दिवस पाळतात. चर्चच्या हॉलमध्ये नावं वाचली जातात आणि मग, जेवणाआधी, व्हर्डी 'वाकडी खिंड' वाजवते. ही धून तिच्या थोरल्या भावाची, लूथरची. तो त्याच स्फोटात गेला. धून अशी सुसाट की पाठीमागे खर्जाचा बेस वाजवताना माझा खांदा भरून येतो. दुसऱ्या भागात सूर चढत चढत अगदी वर जातात आणि एकदम थांबतात. एका श्वासाची उसंत, आणि मग पुन्हा धावायला लागतात. त्या उसंतीत हॉलमधली माणसं डोळे मिटतात. ती गेलेल्यांसाठी आहे, असं आम्ही आमच्या मुलांना सांगत आलो.

"यंदा काय करायचं, मिस व्हर्डी?" आमच्यात फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणाऱ्या ऑर्बिन फ्यूगेटने वसंतात तिच्या ओसरीवर येऊन विचारलं. मीही बरोबर होतो. आमच्याकडे थोरल्या बाईला असंच 'मिस' म्हणतात, घरची सूनसुद्धा. "कुणाला तरी शिकवा."

"कुणाला? तुला? तुझी बोटं म्हणजे मक्याची कणसं. धून माझ्याबरोबर जाईल."

दारात तिची सून ट्वायला कॉफी घेऊन उभी होती. ती ओहायोची, म्हणजे बाहेरची. नवरा डेन्झिल नदीवरच्या मालवाहू बार्जवर कामाला, महिना महिना बाहेर. घरात या दोघीच. ट्वायला बऱ्यापैकी मँडोलिन वाजवायची, पण सासूसमोर कधी नाही. तिने कप ठेवले आणि आत निघून गेली.

पुढचं मला नंतर ट्वायलानेच सांगितलं. दुपारी सासू झोपली की ती मागच्या शेडमध्ये जाऊन ऐकीव आठवणीवर 'वाकडी खिंड' जुळवू लागली. एकदा वाजवता वाजवता मान वर केली, तर काठी टेकत व्हर्डी दारात उभी.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच..."

"चोरायचंच होतं तर नीट तरी चोरायचं. तिसरी तार बेसूर लागलीय. आणि मनगट काय असं? लाकडं फोडतेयस?"

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. शिकवणी कसली, रोजची लढाई. व्हर्डी खुर्चीत बसून तोंडाने सूर म्हणायची आणि चूक झाली की काठी फरशीवर आपटायची. "पुन्हा." ट्वायलाच्या बोटांच्या टोकांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. स्वयंपाकघरात बीन्स करपल्या तरी व्हर्डी तिला उठू देईना. आणि दुसऱ्या भागातल्या त्या चढणीवर आली की म्हातारी गप्प व्हायची. तिथे कसं वाजवायचं, ते काही केल्या सांगायची नाही.

जुलैत एकदा ट्वायलाचा बांध फुटला. "तुम्हाला शिकवायचंच नाहीये. मी ओहायोची आहे ना, म्हणून."

"ओहायोचा काय संबंध?"

"मग त्या जागी काय आहे ते सांगा ना! रोज तिथे मी अडकते आणि रोज तुम्ही तोंड फिरवता."

तिने मँडोलिन पेटीत ठेवली आणि गाडीची किल्ली घेतली. तेव्हा मी त्यांच्या कुंपणाच्या तारा आवळून देत होतो. गाडी सुरू झाली, फाटकापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. इंजिन चालू, ती आत, दोन्ही हात चाकावर. ओसरीवर व्हर्डी उभी. मी पकड हातात धरून तसाच थांबलो. शेवटी व्हर्डीने हाक मारली. "ट्वायला! ये. दाखवते."

ट्वायला परत आत गेली. व्हर्डीने तिला आपल्या डाव्या अंगाला अगदी खेटून बसवलं. मँडोलिन दोघींच्या मांड्यांवर आडवी. "बोटं तू ठेव. तारा मी छेडते."

एका वाद्यावर दोघींचे हात. सुरुवातीला नुसता गोंधळ. व्हर्डीच्या उजव्या हातातली तारा छेडायची पिक पुढे पळायची आणि ट्वायलाची बोटं मागे राहायची. मग हळूहळू जमत आलं. पहिला भाग गेला. दुसरा सुरू झाला, सूर चढू लागले, आणि सवयीप्रमाणे ट्वायलाने उसंत घेतली. पिक मात्र थांबली नाही. रिकाम्या तारा खणखणल्या.

"थांबू नकोस."

"पण तिथे उसंत आहे!"

"लूथरच्या धुनेत उसंत नव्हती."

व्हर्डीने उजव्या हाताने आपला निर्जीव डावा हात उचलला आणि ट्वायलासमोर धरला. करंगळी मधल्या पेरात वाकडी होती. "गोठ्याच्या दारात चेंगरली. लहान होते. लूथरची करंगळी मानेवरच्या अगदी वरच्या पडद्यावर सरळ जायची, माझी पोचायचीच नाही. मग मी सगळा हात वर सरकवायचे, त्यात वेळ जायचा. तो हसायचा मला. म्हणायचा, ही व्हर्डीची खिंड, इथे गाडी उलटते. तो गेल्यावर पहिल्या वर्षी मी वाजवलं. तिथे आले आणि थांबले. हात पोचेना म्हणून थांबले, पोरी! समोर आया रडायला लागल्या. पाद्री उठून म्हणाला, या मुलीने मृतांसाठी मौन पाळलं. तेव्हा काय सांगायचं होतं मी? करंगळी वाकडी आहे म्हणून?"

"आणि मग?"

"मग काय. दर वर्षी तेच. आता खरी धून ऐकलेलं कुणी उरलं नाही. तुझी करंगळी लांब आहे. मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं."

"लोक मला फाडून खातील, मिस व्हर्डी."

"खातील," व्हर्डी म्हणाली. "चल, वरचा पडदा. पुन्हा."

ऑगस्टच्या त्या दिवशी हॉल भरला होता. यंदा ट्वायला वाजवणार एवढंच आम्हाला माहीत; उसंतीचं मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं, ऑर्बिनला तर नाहीच. ट्वायलाने सांगितलं असतं तर त्याने तिला मंचावर चढूच दिलं नसतं. ऑर्बिन तिच्या कानाशी लागला. "उसंत विसरू नकोस हं. बाकी काही चुकलं तरी चालेल." तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

नावं वाचून झाली. तिने सुरुवात केली. पहिला भाग स्वच्छ गेला, ऑर्बिनने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. दुसरा आला. सूर चढले, मी तारांवरून हात उचलला, समोर माणसांनी डोळे मिटले, आणि मँडोलिन थांबलीच नाही. तिची करंगळी ताणून वर गेली आणि धून पाण्यासारखी पलीकडे उतरली. आमचा ताल कोसळला. बँजो एकीकडे, मी दुसरीकडे. ऑर्बिनने फिडल हनुवटीखालून काढली. हॉलमध्ये मिटलेले डोळे एकेक करून उघडले. मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "हे काय चाललंय?"

ट्वायलाने वर पाहिलं नाही. आमच्यातलं कुणीच साथ करत नव्हतं. ती एकटी दुसऱ्या फेरीत शिरली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पुन्हा ती जागा आली, पुन्हा न थांबता पार. शेवटचा सूर विरला तेव्हा एकही टाळी वाजली नाही.

"आमच्या माणसांची होती ती उसंत," ऑर्बिन म्हणाला. त्याचा आजा त्या नावांत होता. "तू कोण ती काढणारी?"

पहिल्या रांगेतून व्हर्डी काठीवर भार देत उठली. "तिला नको बोलूस. उसंत माझी होती." आणि तिने सगळ्यांसमोर सांगितलं. करंगळी, गोठ्याचं दार, पाद्री. मध्ये कुठेही थांबली नाही. एक बाई आपली मुलं घेऊन बाहेर निघून गेली. दुसरी रडत होती, कशासाठी कोण जाणे.

मला वाटलं, ऑर्बिन आता फिडल पेटीत घालणार. व्हर्डी अजून उभीच होती, तिला बसवायला कुणी पुढे झालं नाही. मीच जाऊन तिला धरलं.

"लूथर असंच वाजवायचा?" ऑर्बिनने तिला विचारलं.

"याहून जोरात."

तो ट्वायलाकडे वळला. खुर्ची ओढून तिच्या समोर बसला. "हळू वाजव. दुसरा भाग. मला ऐकू दे."

तिने वाजवला. तो ऐकत राहिला, मग फिडल उचलून चाचपडत मागे मागे आला, चुकला, शिवी हासडली, पुन्हा आला. बायका मागच्या टेबलांवर जेवण मांडू लागल्या.