चार कॉर्ड आणि एक ताट

धाकटीला स्वतःच्याच गाण्याची किळस आली. बाई चाळिशी उलटलेली, दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून गुळगुळीत करणारी. परक्यांच्या जबड्यांचे साचे हाताळून आपली किळस केव्हाच मेली, अशी तिची समजूत होती. पण हे भलतंच निघालं.

गिटारचं खूळ सहा महिन्यांचं. मोठ्या भावाला ते कळलं आणि त्याने लगेच फर्मान सोडलं, "बाबांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला त्यांच्यावर एक गाणं कर." बाबांवर गाणं तिला करायचंच होतं. फक्त दादाच्या मनातलं नव्हे.

तिला ताटावर करायचं होतं. बाबांच्या घरात पानात टाकायची सोय नव्हती. रात्री उरलेलं झाकून ठेवायचं आणि सकाळी तेच पुढ्यात यायचं, गारढोण, वर तेलाची साय धरलेलं. सात वर्षांची असताना धाकटी एकदा त्यावर ओकली. बाबा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "पुसून घे आणि खा." त्यानंतर आई पहाटे ओट्याशी उभी राहून ते शिळं स्वतः गिळायची. बाबा उठले की म्हणायची, "संपवलं हो तिने," आणि तोंड पुसायची. बाबा म्हणायचे, "शिस्त लावली की लागते." पस्तीस वर्षांत याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

गाण्याचे शब्द तिने खरेच लिहिले होते: झाकलेलं ताट, थंड घास, सकाळी लख्ख झालेलं ताट. त्याखाली येत होत्या त्या चार कॉर्ड घातल्या, सी, जी, ए मायनर, एफ, आणि परत सी. दादाला ऐकवलं तर त्याने डोळेच पुसले. "बाबांनी आपल्याला अन्नाची किंमत शिकवली, नाही का गं?"

तिला किळस आली ती इथेच. कडू गोळी पाकात घोळवावी तसे त्या चार कॉर्डनी तिचे शब्द घोळवून टाकले होते.

ती गिटारमास्तरांकडे गेली. त्यांची उजव्या हाताची पिवळी नखं तारा छेडायला वाढवलेली, आणि त्याच नखांनी ते दातही कोरायचे. धाकटीने दुसरीकडे बघत गाणं वाजवलं.

"शब्द ओरडतायत आणि कॉर्ड थोपटून निजवतायत," मास्तर म्हणाले.

"मग एखादी अवघड कॉर्ड घालू?"

"अवघडाने काय होतंय? सी म्हणजे घर. बाकीच्या बाहेर हिंडून येतात. जी म्हणजे उंबरठा, तिथे पोचलं की कानाला आत जायचंच असतं. तू दर ओळ घरी नेऊन सोडतेस. ऐकणाऱ्याला वाटणारच की सगळं आलबेल आहे."

तिने शेवटची ओळ पुन्हा म्हटली आणि 'जी'वर हात थांबवला. मास्तर खुर्चीत चुळबुळले.

"बघ, माझ्याच घशाशी अडकलं. लोक तगमगतील."

"तगमगू देत."

"पण कोणीतरी शेवटचा सूर स्वतःच लावून मोकळं होतं हं. राहवत नाही माणसाला."

कोणी लावलाच तर बाबाच लावतील, याची तिला खात्री होती. अर्धवट टाकलेलं त्यांना कधी खपलं नव्हतं. तिला एकदाच बघायचं होतं, त्यांच्या पुढ्यात काहीतरी अर्धवट पडलंय आणि ते कोणीही निस्तरत नाहीये.

वाढदिवस रविवारी दुपारी, दादाच्या बैठकीच्या खोलीत. वीसेक नातेवाईक, मधल्या खुर्चीत बाबा, त्यांच्या तोंडात धाकटीनेच बनवलेली कवळी. ती गायली. शेवटच्या ओळीत ताट लख्ख झालं आणि ती 'जी'वर थांबली.

आत्याचा चमचा हवेतच राहिला. दादाचे हात टाळीच्या बेताने वर येऊन अडकले.

"पुढे?" बाबा म्हणाले.

धाकटीने तारांवरचा हात बाजूला घेतला. मग कोपऱ्यातून बारीक आवाजात कोणीतरी तो सूर लावला. नेमका, घरचा. आई होती. जमिनीकडे बघत तिने तो हलकेच गुणगुणून संपवला आणि हाताच्या पाठीने तोंड पुसलं.

खोलीने सुटकेचा श्वास टाकला. टाळ्या पडल्या. बाबा धाकटीला म्हणाले, "छान. शिस्तीत संपवलंस."

धाकटीला पुन्हा किळस आली. बाबांची किळस तर जुनीच होती. ही नवी होती आणि ती तिला स्वतःचीच आली होती. रोज सकाळी ते लख्ख ताट बघून तिला हायसंच वाटलं होतं. आईच्या तोंडाची चव कशी असेल, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"मी नाही संपवलं, बाबा," ती म्हणाली. "आईने संपवलं. तेव्हाही रोज आईच संपवायची."

टाळ्या विझल्या. तिने आईकडे बघत पुन्हा 'जी' वाजवली आणि हात बाजूला घेतला.

"पुढे?" बाबांनी आईकडे वळून विचारलं.

आईचे ओठ हलले. मग तिने ते घट्ट मिटून घेतले.