तिकिटावरचं चौथं नाव

तिघांनी मिळून घराबाहेर पडू नये, एवढं एक सोडलं तर सरोजिनीबाई कुठल्याच शकुनाला भीक घालत नसत. मांजर आडवं गेलं तर त्या मांजराला वाट देत. हडपसरच्या फ्लॅटची किल्ली त्यांनी भर अमावास्येला घेतली होती. पण तीन माणसं एका वाटेने निघाली, की बाई देवापुढच्या तबकाकडे वळल्याच म्हणून समजा. मग चौथी म्हणून कुणाच्या तरी पिशवीत सुपारी जायची. मंडईत भाजी आणायला तिघं निघाली तरी सुपारी!

"आईच्या सुपाऱ्या मोजल्या तर पुण्यात सगळ्यात जास्त विनातिकीट प्रवासी आपल्याच घरातले निघतील," असं सौरभ म्हणायचा. सून रुपाली तोंड वळवून हसायची. बाईंचे यजमान गोपाळकृष्ण मात्र हसायचे नाहीत. सारी हयात कारखान्यात लेथवर काढलेला माणूस तो. असल्या गोष्टींवर "अडाणीपणा आहे सगळा" एवढं बोलून पेपरात डोकं घालायचा.

त्या सुपारीमागे काय आहे ते घरात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्या दोघांनी तेहेतीस वर्षं त्यावर एक शब्द काढलेला नव्हता.

त्या वर्षी सौरभला कंपनीने चार दिवसांसाठी व्हिएन्नाला पाठवायचं ठरवलं. आयटीतल्या मुलांना हडपसरहून परदेश म्हणजे आपल्याला दौंड. त्याने विचार केला, जातोच आहोत तर रुपालीला आणि आईबाबांना घेऊन जाऊ. काम संपलं की गाडीने म्युनिकला, तिथून पुढे थोडं फिरू. नेमका सरोजिनीबाईंचा गुडघा आडवा आला. ऑपरेशन होऊन दीड महिनाच झाला होता, हातात वॉकर होता. "मी नाही म्हणून तुमचं कशाला अडवता? जा तिघं," असं त्या बोलून गेल्या, आणि बोलता बोलताच त्यांनी मनात डोकी मोजली. तिघं.

विमानापुरती चिंता नव्हती. सौरभचा ऑफिसातला सुखदेव व्हिएन्नापर्यंत बरोबर होता, म्हणजे चौघं. पण सुखदेव तिथूनच परतणार. गाडीत मात्र नवरा, मुलगा, सून. मोजून तीन.

बाईंनी नवऱ्याच्या बॅगेत, बनियनच्या घडीत, देवापुढच्या तबकातली सुपारी सरकवली. सौरभने ती बरोब्बर शोधून काढली. तो मोबाइलवर यादी घेऊन बसला होता, काय नेता येतं आणि काय नाही त्याची.

"आई! बियाबिया काही न्यायच्या नाहीत. तिकडे कस्टमवाले पकडतात. बाबा, सांगा ना तिला."

"अडाणीपणा आहे सगळा," गोपाळकृष्ण म्हणाले, आणि सुपारी परत तबकात गेली. दुसऱ्या दिवशी ती तबकातही नव्हती. कामवालीने पुसताना उडवली असेल, असं बाईंना वाटलं. त्यांचं लक्ष तेव्हा भलतीकडेच होतं.

कारण गाडीची तिकिटं काढायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. अठ्ठावीस वर्षं पुणे स्टेशनच्या आरक्षण खिडकीमागे बसलेल्या बाई त्या, म्हणून सौरभ म्हणाला, "आई, हे तुझंच खातं. आजपासून तुझी परदेशी खिडकी सुरू." कार्ड त्याने हातात दिलं, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडून दिला, आणि तो आतल्या खोलीत मीटिंगला बसला.

खिडकीच्या अलीकडे बसण्यात काय भीती असते ते बाईंना त्या दिवशी कळलं. वर कोपऱ्यात एक घड्याळ उलटं पळत होतं: दहा मिनिटांत सगळं भरा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. भाषा अर्धी इंग्रजी, अर्धी अगम्य. एक बटण दाबलं तर भाडं बदलायचं, दुसरं दाबलं तर डबा. आयुष्यभर रांगेतल्या लोकांवर "फॉर्म नीट भरून आणा" म्हणून खेकसलेली बाई, आणि आता कपाळाला घाम.

प्रौढ प्रवासी: तीन. त्यांनी तीन नावं पासपोर्ट बघून अक्षर अक्षर लिहिली. खाली आणखी एक ओळ होती. सहा वर्षांखालचं मूल असेल तर भाडं नाही, फक्त नाव आणि वय लिहा.

हात तिथेच थांबला.

आपल्याकडच्या आरक्षणाच्या अर्जावरही असा एक रकाना असतो, लहान मुलांसाठी. कुणी भरतं, कुणी भरत नाही. अठ्ठावीस वर्षांत त्या रकान्यातल्या एकाही बाळाची चौकशी करायला कुणी खिडकीवर आलं नव्हतं. डब्यात टीसी येतो, मोठी डोकी मोजतो, पुढे जातो. बाईंना हे स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. सुपारीला कस्टम अडवतं. नावाला कोण अडवणार?

घड्याळात दोन मिनिटं उरली होती. दुसरं कुठलंही नाव त्यांना सुचलं नाही. त्यांनी लिहिलं: जया. वय: शून्य वर्षे.

जया त्यांची पहिली मुलगी. अकरा महिन्यांची असताना तिला घेऊन ही दोघं अकोल्याला, गोपाळकृष्णांच्या नात्यातल्या लग्नाला निघाली होती. सासूबाई दारात आडव्या आल्या, "तिघं जाऊ नका गं. निदान एक सुपारी तरी घे." तेव्हा सरोजिनीबाई पंचविशीतल्या, शिकलेल्या, नव्या नोकरीच्या. हसून म्हणाल्या होत्या, "आणि तिचं तिकीट कोण काढणार?" मनमाडच्या आधी पोरीचं अंग तापलं. भुसावळला फलाटावर डॉक्टर शोधेपर्यंत ती हाताला गार लागायला लागली होती. अकोल्याला दोघंच उतरली.

सौरभ नंतर दोन वर्षांनी झाला. त्याला यातलं काही कधी सांगितलं नाही. सांगायचं सांगायचं म्हणताना तो मोठा झाला, आणि मग फारच उशीर झाला.

"सौरभ, ओटीपी सांग रे!" बाईंनी आतल्या खोलीकडे बघून हाक दिली. त्याने बसल्या जागेवरून सहा आकडे ओरडून सांगितले. म्युनिकचं जाण्यायेण्याचं तिकीट आलं, त्याच्या मोबाइलवर गेलं. त्याने गाडीची वेळ तेवढी पाहिली. "वा, आई! राणी आहेस तू."

रात्री बाईंनी ते तिकीट एकटीने पुन्हा पाहिलं. चार नावं. जयाचं नाव छापलेलं त्यांनी जन्म-मृत्यूच्या दोन दाखल्यांनंतर पहिल्यांदाच पाहिलं. आधी बरं वाटलं, मग अंगावर काटा आला. पण बदलायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर तीन आठवडे नीट गेले. मंडळी निघाली, व्हिएन्नाहून फोटो आले, सुखदेव परतीच्या विमानात बसला. बुधवारी सकाळी गाडीत बसल्याचा निरोप आला. बाईंनी देवाला दिवा लावला, दुपारी दोन घास खाल्ले, पाय स्टुलावर ठेवून बसल्या. पावणेदोनला फोन वाजला.

"आई, ऐक, पॅनिक होऊ नकोस." सौरभचा आवाजच पॅनिक होता. "बॉर्डरला पोलीस चढलेत. आपल्या तिकिटावर चार नावं आहेत म्हणतायत. एक इन्फंट आहे म्हणे. आई, जया कोण?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई? हॅलो? हे लोक विचारतायत, बाळ कुठाय? आधीच्या स्टेशनवर उतरवलं का? कुणाच्या ताब्यात दिलं का? आमचे पासपोर्ट घेतलेत त्यांनी. रुपाली रडतेय. मी सांगतोय की वेबसाइटची मिस्टेक आहे, तर ते म्हणतात, वेबसाइट नाव कुठून आणेल? तू लिहिलंयस का ते?"

"हे... हे काय म्हणताहेत? ह्यांना दे फोन."

"बाबा बोलतच नाहीयेत! त्या पोलीस बाईने जया म्हटल्यापासून नुसते बसलेत. आई, काहीतरी सांग लवकर, ते आम्हाला खाली उत—"

फोन तुटला.

बाईंनी उलट फोन लावला. लागेना. रुपालीचा लावला, बंद. नवऱ्याचा मोबाइल तर पुण्यातच टीव्हीशेजारी पडलेला. परदेशात त्याचं बिल कशाला, म्हणून ठेवून गेले होते. संदेश पाठवला, त्याच्यापुढे एकच खूण उमटली आणि तिथेच राहिली.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. बाईंच्या मनाने वैऱ्याला लाजवलं. सौरभच्या हातात बेड्या दिसल्या. रुपाली एकटी एका खोलीत, तिची भाषा कुणाला कळत नाही. ह्यांची रक्तदाबाची गोळी वरच्या बॅगेत, आणि बॅग गाडीबरोबर पुढे गेली. मूल पळवणारी टोळी म्हणून पेपरात तिघांचे फोटो. यातलं काहीही झालं तरी ते कुणी केलं? घरी बसून, दुसऱ्याच्या कार्डावर, आपणच.

वॉकर ढकलत त्या टेबलापर्यंत गेल्या, लॅपटॉप उघडला. तिकीट सापडलं. चौथ्या नावासमोर 'काढून टाका' असं बटण होतं, पण ते करडं पडलं होतं. दाबलं तर ओळ आली: प्रवास सुरू झाला आहे, बदल करता येणार नाही. बाईंनी ते वाक्य हजारदा लोकांना ऐकवलं होतं. चार्ट लागला, आता काही होणार नाही, पुढचे या. त्या पुन्हापुन्हा बटण दाबत राहिल्या.

आणि मग खरी भीती वर आली. इतका वेळ ती पोलिसांच्या आड लपली होती. गेलेल्या माणसाला वाटेत हाक मारू नये, असं सासूबाई म्हणायच्या. जी पोर एकदा गाडीत बसली आणि उतरलीच नाही, तिला आपण आपल्या हाताने पुन्हा गाडीत बसवलं. तेव्हाही तिघंच निघाली होती. आताही तिघंच. चौथी म्हणून रक्षणाला धाडली, की तिला नेमकं कुणाला तरी न्यायला बोलावलं? त्या दोन्ही हातांनी टेबल धरून उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "जया, त्यांना काही करू नको गं." तेहेतीस वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, तेही असं, गुन्हेगाराला विनवावं तसं. त्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्या खालीच बसल्या. गुडघ्यातून कळ गेली तरी बसल्या.

पंचावन्न मिनिटांनी फोन वाजला. रुपालीचा नंबर होता. आवाज गोपाळकृष्णांचा.

"सरोजिनी."

"अहो, कुठे आहात? सौरभ कुठाय? गोळी घेतलीत का?"

"घेतली. सगळे आहोत. गाडीतून उतरवलं होतं आम्हाला, सीमेवरच्या स्टेशनात. आता सोडलं. पासपोर्ट दिले परत. तासाभराने पुढची गाडी आहे, तिच्यात बसवून देतायत."

बाईंना रडू फुटलं. "माझी चूक झाली हो. मला वाटलं, कोण विचारतंय. आपल्याकडे कुणी..."

"गप्प. ऐक." मागे कुठेतरी परक्या भाषेत गाडीची घोषणा चालली होती. "त्यांनी बॅगा उघडल्या. माझ्या दाढीच्या डब्यात सुपारी सापडली."

"कसली सुपारी?"

"तबकातली. सौरभने बॅगेतून काढली त्याच रात्री मीच उचलली होती. सौरभला दिसू नये म्हणून ब्रशखाली ठेवली."

अडाणीपणा आहे सगळा, असं तेहेतीस वर्षं म्हणणारा माणूस पलीकडे श्वास घेत होता.

"त्या पोलीस बाईने विचारलं, हे काय? म्हटलं, हा चौथा माणूस. मग सांगावंच लागलं सगळं. माझं इंग्रजी तुला माहीतच आहे. म्हटलं, जया माय डॉटर. ट्रेन. फीवर. फिनिश. पुढचं सौरभने समजावलं तिला. म्हणजे त्यालाही ते तिथेच कळलं."

"काय म्हणाला तो?"

"काही नाही. बाहेर बाकावर बसलाय. मघाशी विचारत होता, ती कुणासारखी दिसायची." गोपाळकृष्ण एकेक शब्द मोजून बोलले. "म्हटलं, तुझ्यासारखी. नाक तेवढं आईचं."

रोमिंगची मिनिटं पळत होती, पण बिलाचा हिशेब करणारा माणूस त्या दिवशी फोन ठेवायला तयार नव्हता.

"सुपारी नाही दिली त्यांनी," मग ते म्हणाले. "तपासायला ठेवून घेतली. बी आहे म्हणे." आणि हळूच, बाहेर बसलेल्या पोराला ऐकू जाऊ नये अशा बेताने त्यांनी विचारलं, "परतीच्या तिकिटावर आहे का गं ती?"

बाईंनी डोळे पुसले, लॅपटॉप स्वतःकडे ओढला. म्युनिक ते व्हिएन्ना, पुढच्या मंगळवारी. चार नावं. चौथ्यासमोरचं बटण अजून करडं पडलेलं नव्हतं.

"आहे. थांबा, आत्ता काढते."

"नको," गोपाळकृष्ण म्हणाले. "राहू दे. विचारलं, तर सांगेन मी."