कानपिळीचं घड्याळ

आटपाडीच्या त्या अडीच एकरांत आकाराम सुभेदारांचा फायदा काय होता, तो आधी मांडू. जमीन बायकोच्या माहेरची, म्हणजे घाम दुसऱ्याचा. कालव्याचं पाणी आलेलं, डाळिंब लागलेलं. आणि बायको, शालूबाई, सही करण्यात पटाईत, नकार देण्यात कच्ची. तोट्याच्या बाजूला सुभेदारांना काही दिसेना. पलटणीत असल्यापासून त्यांची लांबची नजर चांगली, जवळची अधू.

पाणी नव्हतं तोवर हीच जमीन त्यांच्या चेष्टेचा विषय होती. "तुमच्या आटपाडीत कुसळ बी उगवत न्हाई," असं ते मेव्हण्याला, जोतिबाला, दर भाऊबीजेला ऐकवायचे. जोतिबा हसून मनगट पुढं करायचा. "कुसळ नसंल दाजी, पर तुमचं घड्याळ हाय की. अजून चालतंय."

त्या घड्याळाची गोष्ट उंब्रजच्या आमच्या आळीत पोराटोरांना पाठ. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि मानाची वस्तू मिळाल्याशिवाय सोडत नाही. जोतिबा तेव्हा आठ वर्षांचा. शर्टपीस दाखवलं, सोडेना. टोपी दाखवली, सोडेना. नवरदेवाचा कान लालबुंद. "सोड रं गड्या, बहिरा नवरा मिळंल तुझ्या आक्काला!" शेवटी आकारामांनी पलटणीच्या कॅन्टीनमधनं घेतलेलं, स्वतःच्या हातातलं चावीचं घड्याळ काढून दिलं, तेव्हा कान सुटला. पट्टा मनगटाला सैल, म्हणून पोरानं ते दंडात घातलं आणि मांडवभर मिरवलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला तो तेच घड्याळ घालून उंब्रजला यायचा.

गेल्या उन्हाळ्यात सुभेदारांनी जोतिबाला निम्म्या वाटणीची नोटीस धाडली, शालूबाईच्या नावानं.

"मला नगं ती जमीन," ती म्हणाली होती.

"तुला नगं, पर राजवर्धनला? पोटच्या पोराचं बघ जरा. आन् जोतिबा काय परका हाय? समजून घील."

समजून घेईल, एवढ्या एका आशेवर तिनं सही केली.

यंदा भाऊबीजेला तिनं सकाळीच पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. जोतिबा दुपार कलल्यावर आला. आत आला आणि उभाच राहिला.

"आरं, बस की पाटावर," निरांजन लावत शालूबाई म्हणाली.

"पाट भावाचा असतोय, आक्का. मी आता सहहिस्सेदार."

खिशातनं त्यानं नवा सातबारा काढून सुभेदारांपुढं धरला. "आक्काचं नाव लागलंय, बघा. वकील केला न्हाई, भांडलो न्हाई. बांध कुठं घालायचा त्येवढं सांगा." मग मनगटातलं घड्याळ सोडलं आणि पाटावर ठेवलं. "ह्ये बी तुमचंच."

"काय पाव्हणं, दिलेलं कुणी परत घेतं व्हय?" सुभेदार ओशाळं हसले.

"आमचे आबा गेले तवा तुम्हीच मला 'जमीन तुझीच' म्हणाला हुता. ती न्हाई घेतली परत?"

सुभेदारांचा हात नकळत कानाकडे गेला. शालूबाईनं भावाची बाही धरली. "पाणी तरी पिऊन जा रं."

"पाणी हाय आता आटपाडीला," तो म्हणाला. बाही सोडवून घेतली आणि गाडीला किक मारली.

अंधार पडताना ती ओवाळणीचं ताट घेऊन अंगणात आली. भाऊ नसलेली बाई बीजेच्या चंद्राला ओवाळते. तिला भाऊ आहे हे आळीला ठाऊक, तरी दारादारांत उभ्या बायकांपैकी कुणी "हे काय गं?" म्हणालं नाही. तिनं ताट तीनदा फिरवलं. कोर बघताबघता उसाआड गेली, तरी ती तशीच उभी. आत सुभेदारांनी घड्याळाला चावी दिली, कानाशी धरलं. चालत होतं.

आता बेरीज. सुभेदारांना अडीच एकर मिळालं, वर घड्याळ. राजवर्धनला डाळिंब. जोतिबाची निम्मी जमीन गेली, ती तो पुढंमागं दुसरी घेईल, कष्टाळू आहे. मग भरलं कुणी? सातबाऱ्यावर जिचं नाव चढलं, तिनं.