पाचवी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. माझी पाठ ताठ आहे, एक हात घासून गुळगुळीत झाला आहे आणि मागचा डावा पाय इतरांपेक्षा किंचित आखूड आहे. त्यामुळे माझ्यावर बसलेले माणूस हलले की मी 'टक' करते. घरातले याला माझी खोड म्हणतात. तुम्हीही खुशाल म्हणा.

माझे लाकूड चर्चमधले. तिथले जुने बाक मोडीत निघाले, तेव्हा एका चष्मेवाल्याने त्यांतल्या धड फळ्या उचलून सुताराकडे नेल्या. त्याच्या घरी जेवणाचे टेबल होते आणि चार खुर्च्या होत्या. एक त्याची, एक त्याच्या नर्स बायकोची, एक थोरल्या चिऊची आणि एक धाकट्याची.

"माणसं चार, मग पाचवी कशाला?" सुताराने विचारले.

"पाहुण्याला," चष्मेवाला म्हणाला.

कल्पना त्याच्या बायकोची होती. ती म्हणायची, "याच्याशी बोलू नको, त्याच्याशी खेळू नको, असं सांगून पोरं ऐकतात होय? त्यापेक्षा त्यांचे मित्र घरी येऊ देत. जेवायला बसलेलं माणूस फार वेळ लपत नाही." तेव्हापासून घरचा नियमच झाला. रविवारची उपासना आटोपली की दुपारच्या जेवणाला मुलांनी एक मित्र किंवा मैत्रीण आणायची. ती माझ्यावर बसायची.

ते दिवस फार चांगले होते. धाकट्याचा एक मित्र होता, त्याला सगळे गप्पू म्हणत. गप्पूचे वडील कधी विमान चालवायचे, कधी जहाज. गप्पू मात्र माझ्या अगदी कडेवर बसायचा आणि दोन्ही पाय माझ्या पायांना घट्ट गुंडाळायचा. त्यावरून मला कळले की पोर घाबरट आहे. आईलाही कळले. तो गेल्यावर तिने धाकट्याला जवळ घेतले. "त्याचं सगळंच खरं मानू नकोस, पण त्याला सोडूही नकोस. एकटा आहे रे तो." मुलांना वळण लावणे म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिले. आवाज चढला नाही आणि कुणाचा अपमानही झाला नाही.

मग चिऊ मोठी झाली आणि चष्मेवाला धास्तावला. त्याच्या दुकानात चष्म्याचा नंबर काढायला येणारा प्रत्येक जण जाताना एक बातमी ठेवून जाई. कुणाची मुलगी कुणाबरोबर दिसली, कुणाचा मुलगा काय ओढतो. हा ते सगळे डबा भरून आणावा तसे घरी आणायचा. रविवारी माझ्यावर बसलेल्या मुलीवर प्रश्नांची सरबत्ती व्हायची. वडील काय करतात? घरी प्रार्थना होते का? संध्याकाळी कुठे असतेस? मी पाहुण्याची खुर्ची होते, माझा आरोपीचा पिंजरा करून टाकला. खरे सांगते, मला तेव्हा त्याचा राग आला होता.

अशात भोंगा आली. आवाज मोठा म्हणून तिला शाळेत हे नाव पडले होते. ती मावशीकडे राहायची आणि शाळा सुटल्यावर मावशीच्या पार्लरमध्ये केर काढायची, टॉवेल धुवायची. पहिल्या रविवारी ती माझ्यावर मांडी घालून बसली आणि प्रार्थनेआधीच तिने पावाचा तुकडा मोडला. चिऊने तिला कोपराने ढोसले. धाकट्याला हसू आवरेना. भोंगाने तुकडा गुपचूप ताटात परत ठेवला आणि डोळे मिटले. दुसऱ्या खेपेला चिऊने तिला सांगून ठेवले होते, "शेवटी सगळे आमेन म्हणतात, तेव्हा तूही म्हण." ती म्हणाली, आणि इतक्या जोरात, की टेबलावरचे चमचे वाजले. आईसुद्धा हसली.

चष्मेवाला हसला नाही. त्या आठवड्यात त्याच्या एका गिऱ्हाइकाने सांगितले होते की चिऊ आणि ती मोठ्या आवाजाची मुलगी बसस्टँडवर दिसल्या, मोटारसायकलवाल्या पोरांच्या घोळक्यात.

"मग चिऊला सरळ विचारा ना," आई स्वयंपाकघरात म्हणाली.

"विचारून कोण खरं सांगतं?"

"मग त्या मुलीला विचारा. येतेच आहे रविवारी."

"मी देवाला सांगेन," तो म्हणाला आणि विषय संपवला.

मित्रांनो, बाप लेकीसाठी प्रार्थना करतो, यात वाईट काहीच नाही. पण लेकी बोले सुने लागे, ही रीत देवाशी बोलताना वापरू नये. रविवारी सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि चष्मेवाला बोलू लागला. "हे बापा, या अन्नाबद्दल तुझे आभार. माझ्या लेकीला वाईट संगतीपासून राख. ज्यांच्या घरात शिस्त नाही, ज्यांना वाटेल तिथं भटकायची मोकळीक आहे, त्यांची सावली तिच्यावर पडू देऊ नकोस. अशी पावलं आमच्या उंबऱ्यापासून दूर ठेव."

आईने मध्येच डोळे उघडले. चिऊचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्यावर बसलेली भोंगा मात्र डोळे घट्ट मिटून होती, पाय खाली सोडून, शिकवले होते तशी अगदी नीट. प्रार्थना संपली आणि तिने सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटले, "आमेन!"

दुसरे कुणीच म्हटले नाही. तिने डोळे उघडून चिऊकडे पाहिले, मग चष्मेवाल्याकडे. तेव्हा तिला उमजले. स्वतःला घराबाहेर काढणाऱ्या प्रार्थनेला तिने माझ्यावर बसून आमेन म्हटले होते. तिने ताटातले सगळे संपवले, ताट धुवायला नेऊन ठेवले, आईला "येते" म्हणाली आणि गेली. तिचा आवाज इतका लहान होऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हते.

त्यानंतर चिऊने कुणालाच जेवायला आणले नाही. माझी रवानगी बाहेरच्या व्हरांड्यात झाली, चपलांच्या शेजारी. येणारा-जाणारा माझ्यावर बसून बूट घालायचा. पावसाचे पाणी लागून माझा रंग उडाला. चष्मेवाला मात्र समाधानात होता. "भोंगा येत नाही आता. ऐकलं देवानं," तो बायकोला म्हणायचा. चिऊ संध्याकाळी "गाण्याच्या सरावाला जाते, चर्चमध्ये" म्हणून माझ्यावर बसून सँडलचे बंद लावायची. सरावाला जाणारी मुलगी निघताना दोनदोनदा मागे का बघते, हे मला कळत होते, पण माझे तोंड म्हणजे एक आखूड पाय. मी नुसती टक टक करत राहिले.

एका संध्याकाळी आई ड्यूटीवर होती. चष्मेवाला दुकानातून येऊन माझ्यावर बसून बूट काढत होता. तेवढ्यात फाटकातून भोंगा धावत आली आणि पायरीच्या खालीच थांबली.

"काका, चिऊ बसस्टँडजवळच्या गॅरेजमागच्या खोलीत आहे. ती मोटारसायकलवाली पोरं आहेत तिथं. तिला निघायचंय, पण ती निघू देत नाहीत. आत्ताच मला फोन केला तिनं."

"तुला? मला का नाही केला?"

"तुम्हाला करायला घाबरली."

"पण त्या पोरांत तर तूच तिला..."

"मी तिला तिथनं ओढून आणायला जायचे, काका. रोज भांडायचे तिच्याशी. तुमच्याकडं यायची बंद झाले, तसं तिनं माझं ऐकणंही सोडलं." तिचा श्वास पुरत नव्हता. "आधी चला. मग मला काय बोलायचं ते बोला."

तो एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा, असाच स्कूटरकडे धावला. भोंगा मागे बसली.

देवाची कृपा, ते वेळेवर पोहोचले. परत आल्यावर चिऊ आत गेलीच नाही. ती माझ्यावर बसली. ती सारखी पुढेमागे झुलत होती आणि मी थांबेच ना, टक टक टक. तिचे एक सँडल तिथेच राहिले होते. चष्मेवाला खाली जमिनीवर बसला आणि दुसऱ्या सँडलचा बंद सोडू लागला.

"मला का नाही गं सांगितलंस, बाळा?"

"तुम्ही मला काहीच म्हणाला नसतात, पप्पा," चिऊ म्हणाली. "जेवताना देवाला सांगितलं असतंत."

त्याचे हात थांबले. त्याने भोंगाला हाक मारायला मान वळवली, पण ती फाटकातूनच परत गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने मला पुसून आत नेले. मग तो स्वतः पार्लरच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्याने भोंगाची माफी मागितली. जेवायला बोलावले. ती "बघू" म्हणाली. असे कितीतरी रविवार मी टेबलाशी रिकामीच राहिले. तरी आई दर रविवारी माझ्यासमोर ताट मांडायची.

शेवटी एका रविवारी भोंगा आली. सवयीने माझ्याकडे वळली आणि थबकली. तेव्हा चष्मेवाला उठला, त्याने तिला आपल्या खुर्चीवर बसवले आणि स्वतः माझ्यावर येऊन बसला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर जेवायला प्रथमच बसला होता. पाहुण्याच्या जागी बसून जरा हललो की सगळे आपल्याकडे बघतात, हे त्याला तेव्हा कळले.

आईबाबांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलांच्या संगतीवर नजर ठेवा, ती ठेवलीच पाहिजे. पण जे विचारायचे ते पोरांना विचारा, त्यांच्या तोंडावर, प्रेमाने. आणि घरातली एक खुर्ची मोकळी ठेवली असेल, तर तिला जपा. तिच्यावर बसलेले पोरही कुणाचे तरी असते.

त्या दिवशी चष्मेवाल्याची प्रार्थना अगदी लहान होती. त्याने अन्नाचे आभार मानले, भोंगाचे आभार मानले आणि तो तिथेच थांबला. "आमेन," आई म्हणाली. "आमेन," चिऊ आणि धाकटा म्हणाले. भोंगा गप्प राहिली. प्रार्थनेत तिने डोळे मिटलेच नव्हते.

तेव्हापासून ती अधूनमधून येते, जेवते, चिऊशी बोलते, हसतेही. पण आमेन म्हणत नाही. प्रार्थना संपली की माझ्यावर बसलेला चष्मेवाला क्षणभर माझा हात घट्ट धरून थांबतो, आणि मीही टक न करता थांबते.